दोनदा पुरलेला तेर्यो

दोनदा? दोनदा कसा मरेल हो माणूस, इन्स्पेक्टर साहेब? एकदाच मरतो, आणि तेवढ्यानंच घरच्यांच्या नाकी नऊ येतात. चर्चच्या वहीत तसं लिहिलंय? दाखवा बघू. वाचता नाही येत मला, पण दाखवा तरी. हं — हे पहिलं, आणि हे दुसरं. अक्षर बाकी वेगळं आहे. हे पहिलं त्या स्पॅनिश पाद्रीबाबाचं, किती ऐटीत शेपट्या काढल्यात, आणि हे दुसरं आपल्या फादर माक्सिमोचं, कोंबडी चालून गेल्यासारखं. बसा ना, उन्हात काय उभे. त्या वरच्या पायरीवर बसा, खालची मोडकी आहे. तुमची कुदळीवाली माणसं आंब्याखाली बसलीत, त्यांनाही आल्याचा काढा धाडते. मी पोतेन्सियाना — सगळे पोतेन मावशीच म्हणतात — गावात कुणी गेलं की नऊ दिवस प्रार्थना सांगायला मलाच बोलावतात, तेव्हा मेलेल्यांचं काय ते मलाच विचारायचं, हे तुम्ही बरोबर केलंत. आणि दिवसही बरा निवडलात. आज वर्ष होतंय त्याला, आमच्या तेर्योला — एलेउतेरियो दिमायुगा. आज त्याच्या बायकोचा, बासिलियाचा, दुखवटा संपायचा, तिचे काळे कपडे उतरायचे, मागे डुक्कर भाजतंय, वास आलाच असेल. आणि नेमकं आजच तुम्ही त्याला उकरायला आलात.

ते माहीत आहे मला, पटकीची साथ आहे, कबरस्तान विहिरीला लागून आहे, पाणी बाटतं, सगळ्या पेट्या काढून टेकडीपलीकडे न्यायच्या — गावात दवंडी झाली ना. अमेरिकनांना आमच्या पाण्याची फारच काळजी. मी कुठे नाही म्हणते? न्या. माझी सासू न्या, माझा नवरा न्या, दोघांना एका गाडीत घालू नका म्हणजे झालं, जिवंतपणी त्यांचं पटलं नाही. फक्त तेर्योला राहू द्या. काय? हां, ते दोनदाचं. सोपं आहे — बाप आणि मुलगा. बापाचं नाव मुलाला ठेवलं, बाप शहाण्णव साली गेला, मुलगा गेल्या वर्षी. दोघांचंही वय बेचाळीस? असेल की. दिमायुगांच्या घरात बेचाळिसाव्या वर्षी मरायची पद्धतच आहे. अं? मधे पाचच वर्षं? म्हणजे बाप बेचाळीसचा होता तेव्हा मुलगा सदतीसचा — मग बाप पाचव्या वर्षी बाप झाला असं तुमचं म्हणणं. साहेब, तुम्ही मनिलाला शिकलेले, आम्ही इथे वयं अशी बोटावर धरत नाही. बरं, राहू द्या बाप-मुलगा. भाऊ होते. थोरला गेला, धाकट्यानं वहिनीला सांभाळलं, म्हणून दोन्हीकडे बायको बासिलिया. दोघा भावांचं नाव एक कसं? आई विसराळू होती हो त्यांची. आणि एकाच खड्ड्यात — तर भाऊच ना ते, आणि जागा तरी कुठे आहे.

हसताय. हसा. हा घ्या सुमान, गरम नाही पण आजचाच आहे, चिकट तांदूळ, नारळाचं दूध, वरनं केळीचं पान, माझ्या हातचा तीन गावांत नाव काढतात. थांबा, उघडायच्या आधी दाबून बघा. या घरात सुमान दाबल्याशिवाय उघडायचा नाही, खोड आहे आमची. काय व्हायचं, आतला सुमान खायचा, पान पुन्हा जसंच्या तसं मुडपायचं, वर गाठ मारायची, आणि टोपलीत परत ठेवून द्यायचं — पाहुण्यांसमोर मी टोपली ठेवायची आणि पाहुण्यांच्या हातात नुसती हवा. पाद्रीबाबाला एकदा असे लागोपाठ तीन रिकामे दिले मी. गाठीवरनं ओळखायला शिकले मग. डावखुरा ना तो, गाठ उलटी पडायची. कोण म्हणजे, आमचा देल्... भाचा. भाचा आहे एक. तिकडे असतो, समुद्रावर. हा चांगला भरलेला आहे, खा. परवा पहिली खेप केली त्यातले सहा टोपलीतून गेलेच, मी शेजारी प्रार्थनेला गेले होते तेवढ्यात. तो इलार्यो असणार — माडी काढतो ना माडांवर चढून, तो — आल्यावर चांगली खरडपट्टी काढली त्याची. आईची शपथ घेत होता मेला.

मेला कशानं? पहिल्या वेळी देवी. म्हणजे पहिला, देवीनं. अंगभर फोड, इतके की पाद्रीबाबा दहा पावलं लांब उभा राहिला आणि तिथूनच पवित्र पाणी उडवलं, अर्धं त्याच्याच बुटांवर पडलं. शिपाई तर कबरस्तानाच्या फाटकातच आले नाहीत. त्या वर्षी स्पॅनिश शिपाई घराघरांत शिरून तांदळाच्या कणग्या उपसत होते, कोयते शोधत होते, ज्याच्याकडे पात्याला धार दिसेल त्याला बांधून न्यायचे. घरं उपसली, चर्चच्या माळ्याच्या फळ्यासुद्धा उपसल्या. देवीनं मेलेला माणूस कोण उपसतो? दुसऱ्या वेळी — दुसरा हो, धाकटा — माडावरून पडला. वहीत ताप लिहिलाय? मग ताप आला म्हणून चक्कर आली, चक्कर आली म्हणून पडला, फादर माक्सिमोनं मुळापासून लिहिलं. पण तो ताप साधा नव्हता साहेब, पटकीचाच होता. साथ यायच्या आधीची पटकी. म्हणून म्हणते, ती पेटी उघडू नका, तुमच्याच जिवावर बेतायचं, तुमच्या आईला कोण तोंड दाखवणार, मी?

जड होती हे कोणी सांगितलं तुम्हाला? होती. आठ जण खांद्याला होते आणि तरी माना मोडायची वेळ आली. दांडगा होता तेर्यो. बासिलिया म्हणाली काडीसारखा होता? तिचं काय ऐकता, तिनं त्याला कधी पाहिलंय — म्हणजे नीट निरखून कधी पाहिलंय. लाजाळू फार. तर काय झालं, पुलापाशी पुढच्या एकाचा पाय मुरगळला, पेटी कलली, आणि आत खडाखडा वाजलं. हाडं वाजली. आदल्या दिवशी मेलेल्याची हाडं नाही वाजत? बघा, तुम्ही आरोग्य खात्यातले, तुम्हाला जास्त कळतं. मग कोयता असेल, त्याचा आवडता, बरोबर ठेवला होता. आणि पुलावर पहारा कुणाचा, तर तो लांबडा सार्जंट, आज तीनला येतोय म्हणताय ना, तोच. त्यानं पाहिलं, टोपी काढली, बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली, आणि धावत येऊन पेटीला खांदा घातला. आम्ही नको नको म्हणतोय, तो ऐकेना, मनानं चांगला आहे तो, मी नाही म्हणणार नाही. घामानं निथळत, गाल पेटीला टेकलेला, अख्खा चढ चढला. आणि मी मागे जपमाळ घेऊन. पाचावर धारण बसली होती माझी, मणी एकदम दहा-दहा सरकत होते, कुठली प्रार्थना कुठे संपली देवाला ठाऊक. त्याचा गाल इथे, आणि आत बोटभर अंतरावर त्याच्याच छावणीतल्या — त्याच्याच छावणीतल्या फळ्या. फळ्या हो. खोक्यांच्या फळ्यांची पेटी केली होती, असं म्हणत होते मी.

लिहू नका ते. काय सारखी वही मांडीवर घेऊन बसलाय.

सार्जंटचं सांगत होते. तेव्हापासून तो तेर्योला आपलाच समजतो. नवव्या दिवशी जेवायला आला, फळांचा डबा घेऊन आला, डबा उघडायला आमच्याकडे काही नाही, त्यानं त्याच्याच चाकूनं उघडून दिला. चाळिसाव्या दिवशी पुन्हा आला. आणि आज पुन्हा खांदा द्यायला येतोय, त्यानंच सांगितलंय म्हणे, त्या सद्गृहस्थाला मीच नेणार. आता मला सांगा, अशा माणसाच्या खांद्यावर पेटी फुटली — वर्षभर ओलीत आहे, फळी कुजली असेल — आणि आतलं त्याच्या बुटांवर पडलं, तर? पलीकडचं गाव पाहिलंत ना येताना? तिथे एका तांदळाच्या मडक्यात काडतुसं सापडली. एका मडक्यात, फक्त. आता तिथे मडकंही नाही आणि घरही नाही, नुसते काळे खांब उभे आहेत.

थांबा, मला पाणी पिऊ द्या.

ती बासिलिया बघा, अंगणात, काळ्या कपड्यांतली, पानं पुसतेय. तिच्यासारखं कुणाचं झालं नसेल. शहाण्णव साली गावच्या माणसांनी ठरवलं — ठरवलं म्हणजे, देवानं ठरवलं — की हिनं रडायचं. पंचवीस वर्षांची, लग्न नाही... लग्न नुकतंच झालेलं. तिला वाटलं दोन दिवस रडू आणि मोकळं होऊ. पण मी होते ना. मी म्हटलं, बाई, पेटी जमिनीत गेली, घंटा वाजली, आता नऊ दिवस प्रार्थना झाल्याच पाहिजेत, चाळिसावा झालाच पाहिजे, आणि वर्षभर काळं. लोक काय म्हणतील. शिपाई काय म्हणतील. आणि खरं सांगू का, देव काय म्हणेल, त्याचं घर उघडून त्याला फसवायचं आणि वर प्रार्थनेतही काटछाट करायची, हे माझ्यानं झालं नसतं. तो इलार्यो तेव्हापासून तिच्यामागे. वर्ष संपलं, स्पॅनिशही हटले, हिनं रंगीत कपडे शिवायला घेतले, बाहीसुद्धा लावून झाली, आणि आले अमेरिकन. पुन्हा बैठक. या खेपेला मी म्हटलं नवा माणूस मारू या, नवं नाव देऊ. तर सगळे म्हणाले नको, नव्याचा जन्म कुठला, बाप्तिस्मा कुठला, वय काय, स्वभाव कसा, नऊ दिवस बोलायचं काय त्याच्याबद्दल? तेर्यो ओळखीचा आहे. बासिलियाला त्याच्यासाठी रडायची सवय आहे. मग पुन्हा त्यालाच मारायचं ठरलं. चर्चची ती जुनी वही कुणाच्या डोक्यातच नाही आली. आणि इलार्यो — त्यानं दुसऱ्यांदा खांदा दिला बिचाऱ्यानं, आपल्या होणाऱ्या बायकोच्या नवऱ्याला, दुसऱ्यांदा. वाटेत मला विचारतो, मावशी, हा आणखी किती वेळा मरणार आहे?

बोलून बसले ना सगळं.

बरं. झालं ते झालं. साहेब-बिहेब राहू दे आता, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस तू, टोपी अमेरिकनांची असली तरी नाक आपल्याकडचंच आहे. ऐक. त्या पेटीत तेर्यो नाही. कधीच नव्हता. तेर्यो नावाचा कुणी जन्मालाच आला नाही. पहिल्या वेळी पंचवीस कोयते होते, ते निघाले आणि कामी आले. दुसऱ्या वेळी अकरा बंदुका आहेत, तेल लावून, गोणपाटात. ज्यांनी त्या गाडल्या त्यांच्यातले दोघं मेले, एक तुरुंगात आहे, आणि एक डोंगरात गेला तो वर्षभर आलेला नाही. न्यायला कुणी राहिलंच नाही. लढाई संपली म्हणतात, शरण गेले म्हणतात मोठेमोठे. मलाही नकोत त्या आता, पण मी म्हातारी अकरा बंदुका कुठे नेऊ, आणि तीन वाजता तो लांबडा येणार, आणि फळी कुजलेली. तू नुसतं एवढं लिही की ही कबर पटकीची आहे, हलवू नये, वर चुना टाकावा. दोन ओळी. गावात बावन्न घरं आहेत. चारशे माणसं नाहीत, पण तीनशे आहेत.

हो, मुलगाच. भाचा नाही. मघाशी जीभ घसरली ते तू बरोबर धरलंस. देल्फिन. डोंगरात गेला तो तोच. तुला म्हणून सांगते, कुणाला बोलले नाही. त्या नऊ दिवसांत मी तेर्योचं नाव घ्यायचे आणि देल्फिनसाठी रडायचे. काय करणार, जिवंत माणसासाठी मेलेल्याची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि मेला असला तर माझ्या पोराला एकसुद्धा प्रार्थना मिळालेली नाही. मी अख्ख्या गावाला पोचवते आणि माझ्या घरचं मला माहीत नाही. म्हणून तेर्योच्या नावानं म्हणून ठेवल्या. देवाला काय करायचं ते तो करील, दोन्ही नावं त्याच्यापुढे आहेत. बायका म्हणायच्या, पोतेन, परक्यासाठी किती रडतेस. आणि आज त्याचं वर्ष घालतेय, डुक्कर कापलंय, शंभर सुमान केलेत, तर ते तेर्योसाठी आहे असं समजतोस तू?

काय शोधतोयस खिशात? रुमाल नको मला. हे काय — सुमान? हा मी दिलेला नाही. मी दिलेला तुझ्या हातात आहे, अर्धा खाल्लेला. मग हा खिशातला कुठला?

पेटीत? कुठल्या पेटीत?

कधी उघडलीस? सकाळी. म्हणजे मी इथे दोन घटका बाप-मुलगा करतेय, भाऊ-भाऊ करतेय, पटकी आणतेय, देवी आणतेय, आणि तू पेटी आधीच उघडून आलायस. मग विचारलंस कशाला? म्हणजे तुला फक्त एवढंच कळत नव्हतं की एक माणूस दोनदा पुरला आणि तरी पेटी रिकामी कशी. आणि मी सगळं सांगितलं, बंदुकांसकट, मोजून. माझं तोंड एकदा शिवून घ्यायला हवं. आत काहीच नव्हतं? एकही नाही? नुसतं गोणपाट, आणि त्यावर हा. आण इकडे.

रिकामा आहे. पान मुडपलंय, गाठ मारलीय, आणि आत काही नाही.

गाठ उलटी आहे बघ.

वास घे. घे ना, नाक लाव. नारळाच्या दुधाचा वास आहे अजून. आठवड्याचा असता तर आंबला असता. परवाचा आहे हा. परवाच्याच खेपेचा, मीठ जरा जास्त पडलं होतं त्यातला. म्हणजे तो माझ्या स्वयंपाकघरात आला होता. माझ्या टोपलीतून सहा घेतले, आणि मी शेजारी दुसऱ्याच्या आजीसाठी प्रार्थना म्हणत बसले होते. कबरस्तानात गेला, आपलं काम केलं, आणि पाच खाऊन — सहाही खाल्ले असतील, खादाड मेला — हा माझ्यासाठी ठेवून गेला. पेटी हलवायला निघाली की पोतेन मावशी पुढे उभी राहणार हे ठाऊक आहे ना त्याला. बिचाऱ्या इलार्योला मी काय काय बोलले.

रडत नाहीये मी. धूर आहे डुकराचा.

आता तुझं काय ते बोल. मला सगळं माहीत झालं, तुला सगळं माहीत झालं. वही दाखव. नाही, दाखव, वाचता येत नाही पण कोरं पान कळतं मला. कोरंच आहे. इतका वेळ पेन्सिल फिरवत होतास ती काय नुसती माशा हाकलायला? आई कुठे असते तुझी? तिला दहा सुमान ने, मी बांधून देते. दाबून बघायला सांग, पण माझे भरलेले असतात.

तीनला किती अवकाश आहे? जेवणापुरता. मग असं कर, तुझी माणसं गप्प राहणारी आहेत का — तुझ्याच गावची आहेत ना — त्यांना सांग नदीतले गोटे भरा पेटीत, गोणपाटात गुंडाळून, वाजता कामा नयेत. अकरांच्या वजनाचे नको, निम्म्याचे पुरेत. माणूस वर्षभरात हलका होतोच, सार्जंटनं विचारलं तर तू सांग, तुझ्या खात्याचं आहे ते. खिळे पक्के ठोका. त्याला खांदा द्यायचाय ना, देऊ दे. मनानं चांगला आहे, उगाच त्याची हौस मोडू नका. आणि त्या वहीत लिही काय लिहायचं ते. दोनदा मेलेला माणूस एकदा उठून गेला तर कुणाचं काय बिघडलं?

बासिलिये, ए बासिलिये, पानं ठेव ती आणि काळं उतरव, वर्ष झालं. हो, आत्ता. ते बाह्या लावून ठेवलेले रंगीत कपडे काढ. आणि इलार्योला हाक मार, त्याला ताट वाढ आधी, मोठं वाढ. का म्हणून विचारू नको.

ऊठ बाळा तू. टोपी विसरलास. आणि ते पान कुठे नेतोस? ते ठेव इथे. पुरावा-बिरावा काही नाही, ते माझं आहे. ठेव आणि जा आता. मला थोडा वेळ कुणाशी बोलायचं नाही.